न पाहिलेला वारा

रोज सकाळी नऊच्या सुमाराला आमच्या कार्यालयात तारा येऊ लागतात. गावोगावच्या वेधशाळांनी साडेआठ वाजता पाहिलेलं हवामान आकड्यांत बांधून पाठवायचं आणि आम्ही ते मोठ्या नकाशावर ज्या त्या गावापाशी मांडायचं, हे माझं गेल्या कित्येक वर्षांचं काम. पौषातल्या त्या सकाळी नकाशा भरत आला आणि वऱ्हाडातलं एक गाव तेवढं कोरं राहिलं. शेजारच्या लेखनिकाला मी म्हटलं, "अहो, नीट पाहा, कुठं तरी दबली असेल. त्या गावची तार चुकत नाही." त्यानं बिचाऱ्यानं सगळी चळत उपसली. तार नव्हतीच. मी पेन खाली ठेवलं आणि उगाच खिडकीशी जाऊन उभा राहिलो... दुपारी माझ्या नावानं वेगळी तार आली. श्रावण तायडे सकाळी वारले. आठ वाजता घरून वेधशाळेत जायला निघाले होते, कुंपणाच्या फाटकापाशी दम लागला म्हणून बसले, ते उठलेच नाहीत. हाताखालचा माणूस रजेवर होता. त्या दिवशीचं निरीक्षण कुणीच घेतलं नाही.

श्रावणभाऊ त्या वेधशाळेचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे फार मोठं काही समजू नका. दोन खोल्या, तारेचं कुंपण घातलेलं मैदान, त्यात थर्मामीटर ठेवायची पांढरी जाळीची पेटी, पाऊस मोजायचं भांडं, उंच खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि हाताखाली एक निरीक्षक. तो निरीक्षक काही काळ मी होतो. गाव अकोला आणि अमरावतीच्या मधलं. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून नोकरीत आहेत आणि या लेखात दोष द्यायचा आहे तो एकाच माणसाला. तेराव्या-चौदाव्या दिवशी गावात शोकसभा झाली, तिला मी गेलो होतो. माणसं बरीच जमली होती. दोघे-तिघे चांगलं बोलले. मग गावातले एक वयस्कर, वजनदार गृहस्थ उठले आणि म्हणाले, "तायडे माणूस हुशार. त्याबद्दल वाद नाही. पण एकदा कामावर गैरहजर राहून खोटी तार पाठवली, त्याचा डाग शेवटपर्यंत राहिला." माझ्या मागे कुणीतरी हळूच पुटपुटलं, "आता असल्यायच्या हातात कारभार देल्यावर..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. पुढचं सगळ्यांना कळलं. मी पहिल्या रांगेत, पाहुणा म्हणून, खुर्चीवर बसलो होतो. ती खोटी तार मी लिहिली होती. सभेत हे सांगायला उभा राहिलो, घसा खाकरला आणि "श्रावणभाऊंच्या आत्म्याला शांती लाभो" एवढं बोलून खाली बसलो. आत्मा मानत नव्हते ते, तेवढंही भान मला राहिलं नाही.

त्यांची माझी पहिली भेट मला लख्ख आठवते, आठवायची लाज वाटते म्हणून जास्तच. मी नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकरी घरातला. काळी जमीन, बैलजोड्या, वाड्यावस्तीत मान. इंटरपर्यंत शिकलो आणि शेतीत मन लागेना म्हणून सरकारी नोकरी धरली. श्रावणभाऊंचं घर छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन आलेलं. वडील आमच्यासारख्यांच्याच शेतात राबलेले. त्यांच्या हाताखाली काम करायचं म्हटल्यावर आईनं मला बजावलं होतं, "नोकरी कर, पण पानी घरचं ने." वेधशाळेच्या गावात खोली घेतली होती, तिथून मी रोज नेत होतो. चांगला घडीव पितळी तांब्या, झाकणासकट. आठ दिवस भाऊंनी तो पाहिला न पाहिल्यासारखा केला. नवव्या दिवशी ते ओल्या थर्मामीटरची चिंधी बदलत होते. या थर्मामीटरच्या टोकाला भिजलेली चिंधी बांधलेली असते; हवा कोरडी असली की तिथलं पाणी उडतं आणि पारा खाली जातो, हवा दमट असली की तो कोरड्या थर्मामीटरच्या जवळ राहतो. भाऊ मान वर न करता म्हणाले, "बाबाराव, तुह्यं पानी लय शुद्ध असन तं थोडं याले दे. मी आपलं हिरीचं पितो, मले चालते." बोलण्यात राग नव्हता, तेच लागलं. मी तांब्या त्या दिवशी खोलीवर नेला तो परत आणला नाही. त्यांच्या माठातलं पाणी पिऊ लागलो. आईला सांगितलं नाही, तो भाग वेगळा... न सांगण्यात मी पहिल्यापासूनच पटाईत.

कामात माणूस कडक. दोन वह्या असायच्या. एक सरकारी नोंदवही, ती शाईनं लिहायची. दुसरी त्यांची स्वतःची, ती शिसपेनीनं. "पाह्यलं ते शाईनं, वाटलं ते शिसपेनीनं," हे ते इतक्यांदा म्हणायचे की मी त्यांची नक्कल करून गावातल्या मित्रांना हसवायचो. एकदा आकाशात किती ढग आहेत ते मी खोलीतूनच, खिडकीतून पाहून सांगितलं. त्यांनी मला मैदानात नेलं, मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "आता गरगर फिर. चारी बाजू पाह्य. आभाय काय तुह्या खिडकीयेवढं हाय काय बे?" मी फिरलो. दक्षिणेला झाडांच्या मागे ढगांचा एक पट्टा होता, तो खिडकीतून दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी वही पुढे केली आणि मी आकडा दुरुस्त केला.

त्यांचा खरा जीव मात्र हिवाळ्यातल्या वादळांत अडकलेला होता. पावसाळ्यातल्या गडगडाटाचं काय, तो येणारच. पण पौष-माघात, हरभरा घाट्यावर आलेला, कापसाची वेचणी चालू, संत्र्याच्या झाडांना फूल, आणि अशात एखाद्या दुपारी आभाळ काळंनिळं होऊन गारा पडतात. तासाभरात शेत झोडपून निघतं. हे वादळ आदल्या दिवशी सांगता येईल का, हा त्यांचा ध्यास. शाळेनं टाकून दिलेला आशिया खंडाचा भिंतीवरचा नकाशा त्यांनी मागून आणला होता. अर्धा चीन फाटलेला, पण "आपल्याले तिकडचं काम नाही," म्हणायचे. पुण्याहून हवामानाचं पत्रक पोस्टानं यायचं, तीन-चार दिवस शिळं. ते घेऊन संध्याकाळी नकाशा जमिनीवर पसरायचा आणि जिथं पाऊस-गडगडाट झाला तिथं तुरीचा दाणा ठेवायचा. एक दाणा इराणात. दुसऱ्या तारखेचा पेशावरकडे. तिसरा राजपुतान्यात. दाणे असे सरकत सरकत यायचे आणि बहुतेक वेळा हिमालयाच्या बाजूनं निघून जायचे. पण एखाद्या खेपेला ते खाली, दक्षिणेकडे झुकायचे, आणि नेमका त्याच वेळी आपल्याकडे बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेचा ओला वारा सुटलेला असला, की वऱ्हाडात गार पडायची. "पाह्य, हा तिकून येते, तो इकून येते, आन् दोघायची गाठ आपल्या वावरात पडते," ते म्हणायचे. मला आधी गंमत वाटायची. इराणातल्या ढगाचा आणि आमच्या हरभऱ्याचा काय संबंध! पण दोन हिवाळे मी त्या नकाशाशेजारी गुडघे टेकून बसलो आणि संबंध मला दिसू लागला.

शेवटची खूण मात्र नकाशावर नसायची, ती इथं घ्यायची असायची, सकाळी साडेआठला. थंडीत आमच्याकडे वारा उत्तरेचा, कोरडा. मैदानातून पाहिलं की उत्तरेला चिखलदऱ्याकडचे डोंगर निळे, स्वच्छ दिसायचे. ज्या सकाळी वारा फिरून आग्नेयेचा होई, ओला थर्मामीटर कोरड्याच्या जवळ येई आणि डोंगर दिसेनासे होत, त्या सकाळी भाऊंची लगबग व्हायची. तार जरा लवकरच पाठवायचे. वरच्या कार्यालयात आमच्यासारख्या अनेक तारा जमायच्या, त्यांवरून तिथले लोक अंदाज करायचे आणि वाटलं तर दुपारी रेडिओवर शेतकऱ्यांना इशारा द्यायचे. गावातले लोक आम्हाला फाटकावर येऊन विचारायचे, "काय तायडे, गार पडते काय?" भाऊ सांगत नसत. "सांगाचा हक मले नाही. मी पाहतो, सांगनारे सांगतीन." आणि मग आत येऊन शिसपेनीच्या वहीत लिहायचे, 'आज दुपारी'. ते बरोबर निघालं की आनंद व्हायचा असं नाही. बाहेर गारांनी मार खाल्लेली शेतं असायची. पण डोळ्यांत काहीतरी असायचं, ते मी पाहिलं आहे. ही वही त्यांनी एका तपासणीच्या वेळी एका मोठ्या साहेबांना दाखवली. साहेबांनी ती दोन तास वाचली. नंतर काही महिन्यांनी आदेश आला की श्रावण तायडे यांनी अंदाज वर्तवण्याच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला यावं, चैत्रात. तो कागद त्यांनी घडी करून शिसपेनीच्या वहीत ठेवला. आयुष्यात त्यांना एवढीच एक गोष्ट हवी होती, आख्ख्या खंडाचा ताजा नकाशा समोर असावा आणि 'सांगायचा हक' असावा.

त्याच हिवाळ्यात ते घडलं. शांतावहिनींचे दिवस भरत आले होते आणि त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. निरोप आला की आज-उद्या होईल. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी भाऊंची होती. मीच म्हटलं, "भाऊ, तुम्ही जा. सकाळचं मी पाहतो." रजेचा अर्ज वर पाठवून मंजूर व्हायला चार दिवस लागले असते, म्हणून पाळी आम्ही तोंडीच बदलली. ते जाताना दोनदा मागे वळले. "बाबाराव, वारा पाह्यजो. दाणे खाली आले हायेत." मी म्हटलं, "जा हो, मी काय लहान आहे?"

आणि ते गेल्यावर तासाभरात आमच्या शेतावरून गडी आला. हुरडा तयार आहे, चुलतभाऊ नागपूरहून आलेत, संध्याकाळी ये. मला जायचं होतं. जायचं म्हणजे मुक्काम आलाच, आणि मुक्काम केला की सकाळी साडेआठला परत पोचणं अवघड. मी नोंदवही उघडली. मागचे आठ दिवस पाहिले. वारा उत्तरेचा, हवा कोरडी, आकाश निरभ्र. उत्तरेचा, कोरडी, निरभ्र. रोज तेच! मनाशी म्हटलं, उद्या तरी काय वेगळं होणार? आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं निरीक्षण मी आदल्या दिवशी दुपारीच लिहून टाकलं. शाईनं. तारेचा कागदही भरला आणि पोस्टातल्या ओळखीच्या कारकुनाला देऊन सांगितलं, सकाळी पावणेनऊला पाठव. हवामान खात्याच्या नोकरीतल्या माणसाशिवाय ही चूक कुणाला सुचायचीच नाही. उद्याचं हवामान सांगायला जिथं थोर थोर माणसं कचरतात, तिथं या बाबाराव गावंड्यानं ते पाहिलं म्हणून लिहून दिलं.

हुरडा छान झाला. चटण्या, दही, हसणं-खिदळणं, सगळं झालं. सकाळी मळ्यातल्या खोपीत जागा झालो तो अंगावरची गोधडी ओलसर लागली. बाहेर आलो. तोंडावर वारा आला... उबदार, दमट, आणि आग्नेयेकडून. आकाशात दक्षिणेकडून वर सरकणारे विस्कटलेले ढग. मी तिथंच उभा राहिलो. अजून आठ वाजले नव्हते. बैलगाडी जुंपून नांदगावच्या पोस्टात गेलो, कारण दुरुस्तीची तार तिथून करता आली असती. 'आधीची तार रद्द समजा' एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. पोस्टाच्या पायरीवर मी उभा होतो, हे मला आज लिहायचं आहे. खिडकी उघडी होती. आत माणूस बसला होता. पण नांदगावहून तार केली की मी नांदगावात होतो हे उघड होणार. माझी नोकरी कायम व्हायची होती, अजून सहा महिने बाकी होते. मी पायरीवर उभा राहिलो, घड्याळात पावणेनऊ झाले, आणि मी उतरून खाली आलो.

दुपारी तीनच्या आत आभाळ फाटलं. मी तेव्हा परतीच्या मोटारीत होतो. टपावर गारा आदळायला लागल्या तशी ड्रायव्हरनं गाडी चिंचेखाली घेतली. लिंबाएवढ्या गारा होत्या. पोपट पटापट खाली पडत होते. वेधशाळेच्या गावाच्या अलीकडे कापूस वेचणाऱ्या बाया उघड्या वावरात सापडल्या. त्यांतली गिरजा नावाची एक बाई डोक्याला गार लागून जागीच गेली. रेडिओवर इशारा दिला गेला नव्हता. दिला असता तर गिरजा वावरात गेली नसती का? तिच्या मुकादमानं रेडिओ ऐकला असता का? कुणास ठाऊक. पुढं एकदा मी भाऊंना हेच विचारलं, मनाला जरा आधार मिळेल म्हणून. ते म्हणाले, "मालूम नाही. सारी उमर मालूम होनार नाही. तेच भोगा लागते आता." आधार त्यांनी दिला नाही. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

त्या दिवशी संध्याकाळी ते अमरावतीहून परतले. मुलगी झाली होती. हातात पेढ्यांचा पुडा होता. त्यांनी पुडा टेबलावर ठेवला, नोंदवही उघडली आणि वाचली. बाहेर गारांचा खच, आणि वहीत उत्तरेचा कोरडा वारा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, नांदगावच्या पायरीसकट. मला वाटलं मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी लेखणी घेतली, माझ्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'सकाळचं निरीक्षण घेतलं गेलं नाही. पाठवलेली तार चुकीची आहे.' खाली स्वतःची सही केली. मी म्हटलं, "भाऊ, सही माझी हवी." ते म्हणाले, "पाळी कोनाची व्हती? माही. बदली तोंडी कोनं मानली? म्या. तू काय केलं ते तू सांग, तुले सांगावं वाटन तेव्हा. मी तुह्याकून बोलनार नाही." ही मोकळीक त्यांनी मला दिली होती, हे नीट लक्षात घ्या. त्यांनी माझं तोंड बंद केलं नव्हतं.

चौकशीला साहेब आले. मी दारात उभा होतो. पाळी कुणाची होती? "माझी." तुम्ही हजर होता? "नाही." तार कुणी लिहिली? भाऊ क्षणभर थांबले. तो क्षण माझ्यासाठी होता, दार माझ्यासाठी उघडं धरलं होतं त्यांनी. मी जमिनीकडे पाहत राहिलो. मग ते म्हणाले, "या वेधशाळेतून जाणाऱ्या प्रत्येक तारेला मी जबाबदार आहे." यात एक अक्षरही खोटं नव्हतं. साहेबांनी लिहून घेतलं. पुण्याचा आदेश रद्द झाला. गावात गिरजाच्या मरणाचं खापर त्यांच्या माथी फुटलं, तिच्या वस्तीतल्या लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि ती वस्ती त्यांच्या स्वतःच्या नात्यागोत्याची होती. वरच्या आळीतल्यांना तर बोलायला निमित्तच हवं होतं. वर्षभरानं प्रशिक्षणाची जागा पुन्हा निघाली आणि या वेधशाळेतून एकाचं नाव गेलं. माझं. शिफारस कुणी केली असेल? त्यांनीच. "तुले नकाशा वाचता येते," म्हणाले. मला नाही म्हणता आलं असतं. मी गेलो. आज मी ज्या टेबलाशी बसून खंडभराचं हवामान मांडतो, ते टेबल त्यांचं आहे.

पुढची सगळी वर्षं त्यांची पोस्टकार्डं येत राहिली, हिवाळ्यात जास्त. 'यंदा डोंगर तीन दिवस दिसले नाहीत, पण वारा फिरला नाही. तुझ्याकडे काय होतं?' मी उत्तर द्यायचो. एकदा त्यांनी सांगितलेल्या खुणा धरून मी आमच्या अधिकाऱ्यांशी हुज्जत घातली आणि वऱ्हाडासाठी इशारा द्यायला लावला. गारा पडल्या. माझं कौतुक झालं. मी भाऊंना लिहिलं, तर त्यांचं कार्ड आलं, 'बायका घरी होत्या. बरं झालं.' त्या दिवसाबद्दल त्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही. मी मात्र दर खेपेला कार्ड उलटसुलट करून पाहायचो, कुठं काही टोमणा आहे का. नसायचा. कधी कधी मला त्यांचा राग यायचा, खरं सांगतो. एवढं कुणी चांगलं वागावं का?

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींकडे गेलो. दोन खोल्यांचं घर, सारवलेलं. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मी दाराशी बसलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. हुरडा, तार, पोस्टाची पायरी. बोलताना मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. वहिनींचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "मले मालूम हाय, भाऊजी."

"भाऊंनी सांगितलं?"

"नाही. त्याइनं कोनालेच नाही सांगतलं. पन मी पोरगी घिऊन घरी आली तवा तुमी पेढा घेतला नव्हता. पोरगी झाली, आन् घरच्यासारखा मानूस पेढा घेत नाही, म्हंजे काय, मले समजत नाही काय?" मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, आणि आता आवाज चढला होता, "मले सांगून काय फायदा? मले सांगनं सोपं हाय. काल सभेत त्या बुढ्यानं डाग म्हनला तवा तुमी खुर्चीवर बसून होते. दहा वर्सं माहा मानूस या गावात खाली मान घालून चालला. तवा काहून नाही बोलले? आताही मलेच सांगून राहिले, इथं, चुलीपाशी!"

तेवढ्यात मुलगी बाहेरून आली. सुजाता, दहा वर्षांची, अगदी भाऊंचं कपाळ. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, साडेआठ झाले होते, आणि कोनाड्यातून एक वही काढून तीत काही लिहिलं. वडील गेल्यापासून रोज लिहिते, वहिनी म्हणाल्या. मी वही मागितली. भाऊंनी मुलीसाठी केलेली वही होती ती; तिच्या प्रत्येक वाढदिवसाची सकाळ लिहिलेली, वारा, ढग, डोंगर दिसले की नाही. पहिलं पान, तिच्या जन्माच्या दिवसाचं, कोरं होतं. वर तारीख, खाली काही नाही.

"हे काहून कोरं हाय मालूम हाय का तुमाले?" तीच म्हणाली. "बाबा सांगे, त्या दिवशी कोनं पाह्यलंच नाही. न पाह्यलेलं लिवाचं नाही."

"पाहिलं होतं, बाई," मी म्हटलं. "वेधशाळेत नाही. नांदगावात. आग्नेयेचा वारा होता, चांगला दमट. आठच्या आधीची वेळ. मी पाहिला होता."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. तिला गोष्ट कळली नव्हती, वारा तेवढा कळला होता.

"मंग तुमी लिवलं काहून नाही?"

वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली नाही. दोघी माझ्याकडे पाहत होत्या.

"आता लिहितो," मी म्हटलं.